जीनची पँट आणि माहेरचं धुणं

मालक रजेवर आले त्या दुपारी त्यांनी ट्रंकेतून दोन निळ्या पँटी काढल्या आणि त्यातली एक सोप्याच्या भिंतीला टेकवून उभी केली. पँट तशीच उभी राहिली. आत माणूस नव्हता, तरी ती गुडघ्यात वाकेना. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पान लावत बसले होते. ते हातातलं पान तसंच धरून तिच्याकडं बघत राहिले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दारातूनच म्हणाल्या की एवढी खळ घातलेलं कापड त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं.

आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, नाव घेत नाहीत. म्हणून इथंही मी मालकच म्हणते. ते फौजेत होते आणि वर्षातून एकदा, ऊस तुटायच्या दिवसांत, रजा घेऊन यायचे. पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची ही गोष्ट. येताना मुंबईत एका जहाजावर काम करणाऱ्या माणसाकडून त्यांनी या जीनच्या पँटी घेतल्या होत्या, एक स्वतःला आणि एक थोरल्या भावाला. कापड अगदी कोरं, मागावरून निघालं तसं, पाणी न बघितलेलं. रंग इतका गडद की सावलीत काळा वाटावा. हात फिरवला की बोटं निळी व्हायची.

विकणाऱ्यानं त्यांना एक गोष्ट बजावून सांगितली होती आणि जेवताना ती त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितली. ही पँट होईल तितके दिवस पाण्यात घालायची नाही. वापरायची, अंगावर बसू द्यायची, आणि धुवायची वेळ आलीच तर गार पाण्यात, आपटाआपटी न करता धुवायची. हे ऐकून घरात हसू फुटलं. सांगलीपासून सायकलीनं जाता येईल एवढ्या अंतरावरचं, कृष्णाकाठचं घर ते. मागल्या दारी विहीर, शेताला पाटाचं पाणी आणि नदी तर हाकेवर. अंगातून काढलेला कपडा त्याच दिवशी सोड्याच्या पाण्यात बुडवून दगडावर आपटायचा, हा आत्याबाईंचा नेम होता. थोरल्या जाऊबाईंना मी आक्का म्हणायची. त्या म्हणाल्या की फौजेत राहून भाऊजींना आळस चढलाय आणि त्यांनी त्याला हे नाव दिलंय.

मी हसले नाही. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही, कारण माझ्या आईनं सगळा संसार याच रीतीनं केला होता.

माझं माहेर वडूजच्या पलीकडं, माळावरच्या गावात. तिथं पाणी डोक्यावरून यायचं, तेही विहिरीला असेल तेव्हा. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आई खडी फोडायच्या कामावर जायची. दिवसभर दगडाची पांढरी धूळ अंगावर घेऊन यायची. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिच्या लुगड्यावर धुळीचा कण नसायचा. घरी आल्यावर ती लुगडं सोडायची आणि अंगणातल्या लिंबाखाली दोरीवर वाऱ्याला टाकायची. वारा तिकडं भरपूर. धूळ सुकली की नारळाच्या शेंडीनं उलट्या बाजूनं हलक्या हातानं झाडायची. काठाला, पदराला जिथं हात लागून मळलं असेल तिथंच ओलं फडकं फिरवायची. रंगीत कपडा पहिल्यांदा पाण्यात घालायचा तर आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचा, म्हणजे रंग धरून राहतो. साबण नाही, रिठा. पिळायचं नाही. सावलीत वाळवायचं. आणि शेवटी उरलेलं पाणी शेवग्याच्या बुंध्याला.

आम्हाला वाटायचं, सगळीकडं असंच धुतात. लग्न होऊन सांगलीकडं आले तेव्हा कळलं की हे फक्त आमच्याकडचं आहे. सासरी पहिल्या आठवड्यात मी घंगाळात थोडंच पाणी घेऊन धुणं काढायला बसले. आत्याबाई काही रागावल्या नाहीत, पण सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझ्या म्हायेरात पाणी नव्हतं, हितं हाय. हात आखडू नगंस." त्यानंतर घरात मला कौतुकानं, पण दुष्काळी सून म्हणायला लागले. पाहुणे आले तरी तीच ओळख. मी मान खाली घालून हसायची आणि आत कुठंतरी आईसाठी वाईट वाटायचं. मग मीही सोडा घ्यायला शिकले, दगडावर आपटायला शिकले. माहेरची रीत मी कुणाला दाखवली नाही, पण विसरलेही नव्हते.

थोरल्या दिरांची पँट आठवडाभर टिकली. ते हळदीच्या बाजारात जायचे. तिथं बसायचं पोत्यांवर, त्यामुळं निळ्या पँटीवर पिवळा भुगा बसला. आक्कांनी ती उकळत्या पाण्यात सोडा टाकून भिजवली आणि मग नेहमीच्या ताकदीनं दगडावर घेतली. त्याच पाण्यात मामंजींचं धोतर आणि टोपीही होती. संध्याकाळी वाळत घातलेली पँट बघायला सगळे अंगणात आले. ती आखडून घोट्याच्या वर येईल एवढी झाली होती. मांड्यांवर पांढरे पट्टे उमटले होते, जसे चाबकाचे वळ उठावेत. मामंजींचं धोतर आभाळासारखं निळं झालं होतं. मामंजींनी मात्र ते तसंच नेसलं आणि चावडीवर गेले. कुणी विचारलं तर म्हणायचे की थोरल्या सुनेनं रंगवलंय.

आक्का चुलीपाशी येऊन बसल्या. थोरले दीर काही बोलले नव्हते, त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं. मी त्यांना म्हणाले की यात तुमचं काही चुकलं नाही, सगळे कपडे आपण असेच धुतो. त्यांनी मला विचारलं, भाऊजींची पँट तू कशी धुणार? मी म्हणाले, आत्ता तर धुणारच नाही. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, पण या वेळी हसल्या नाहीत.

त्याच दिवशी मालकांनी त्यांची पँट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता हिच्याकडं तूच बघायचं."

लग्नाला तीन वर्षं होत आली होती. त्यांच्या रजा सोडल्या तर आम्ही एकत्र राहिलो ते थोडेच दिवस. त्यांनी काहीतरी पूर्णपणे माझ्यावर सोपवलं असं पहिल्यांदाच घडत होतं. मला ते फार आवडलं.

ते दिवस गुऱ्हाळाचे. मालक फौजेत शिस्तीत राहायचे, घरी आले की उसात शिरायचे, चुलवणापाशी बसायचे, काहिलीतला रस ढवळायचे. पँट रोज अंगावर. पहिले काही दिवस ती इतकी ताठ होती की मांडी घालून बसताना ते कण्हायचे. हळूहळू कापड त्यांना ओळखू लागलं. गुडघ्यामागं घड्या पडल्या, त्या दुसऱ्या दिवशीही तिथंच पडायच्या. उजव्या खिशात ते तंबाखूची डबी ठेवायचे, तिची गोल कड खिशावर दिसू लागली. बाकी निळा रंग होता तसाच गडद.

संध्याकाळी ते हातपाय धुवायला गेले की मी पँट उलटी करून मागल्या परसात दोरीवर टाकायची, कमरेकडून, म्हणजे लोंबून सरळ राहावी. पाचटाची काजळी आणि माती सुकू द्यायची. घाईनं ओल्या मातीवर हात फिरवला की ती कापडात शिरते. सकाळी नारळाच्या शेंडीनं झाडायची. घामाचा वास जायला वारा पुरतो, पण इकडं वारा आमच्या माळासारखा नाही. म्हणून मी ती परसातून काढून माडीच्या गच्चीवर न्यायला लागले. आत्याबाईंनी ते बघितलं. त्यांनी एकदा पँट खाली उतरवून नाकाला लावली आणि परत दोरीवर टाकली. मी जिन्यातून बघत होते. मला तेवढं पुरलं.

एकदा मात्र मी घाबरले. गुळाचा पाक बघताना मालकांच्या मांडीवर काकवी सांडली. कापड जाड होतं म्हणून त्यांना भाजलं नाही, पण तळहाताएवढा चिकट डाग पडला. आता धुवावीच लागणार, असं घरातले सगळे म्हणाले. मालकही म्हणाले की धू, काय होईल ते होईल. मी तो डाग रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी कोमट पाण्यात सुती फडकं बुडवून, पिळून, नुसतं डागावर दाबून ठेवलं. फडकं गोड झालं की बदलायचं. घासायचं नाही. खालून दुसरं कोरडं फडकं धरलं होतं. अर्धी सकाळ त्यात गेली, भाकरी थापायच्या राहिल्या, आणि आक्कांनी न सांगता माझ्या वाटणीच्या भाकरी थापल्या. डाग गेला. त्या जागी रंग जरासाही उतरला नव्हता. आक्कांनी बोट फिरवून कुठं डाग होता ते शोधून बघितलं आणि त्यांना सापडलं नाही.

रजा संपली. मालक वर्दी घालून, ट्रंक घेऊन मिरजेच्या स्टेशनावर गेले. पँट घरी राहिली, तिकडं तिचं काम नव्हतं. खोलीतल्या खुंटीवर ती लोंबत होती आणि तिचे गुडघे वाकलेलेच होते. मी पुष्कळ दिवस तिला हात लावला नाही. मग आत्याबाई म्हणाल्या की वापरलेला कपडा पावसाळाभर घरच्या ट्रंकेत राहिला तर त्याला कसर लागेल, आता तरी पाणी दाखव. त्यांचं खरं होतं. आईनंही तेच सांगितलं असतं. न धुता राखायचं तसं वेळेवर धुवायचंही असतं.

मी दुपारची वेळ धरली, विहिरीवर कुणी नसताना. पण घरात गोष्ट लपत नाही. मी घंगाळ ओढून बसले तोवर आत्याबाई पायरीवर येऊन बसल्या, मग आक्का आल्या. मामंजी सोप्यातून बाहेर आले आणि काहीतरी काम असल्यासारखे अंगणात फिरू लागले. मी पँट उलटी केली. गार पाण्यात मीठ विरघळवून तिला त्यात आडवी घातली आणि वर हातानं दाबली. पाणी हळूहळू निळं व्हायला लागलं. आक्कांच्या तोंडून हळहळ निघाली. मी म्हणाले, थोडा रंग जाणारच, सगळा जायला नको एवढंच बघायचं. मग ते पाणी बाजूला काढून रिठ्याचं पाणी घेतलं. त्यात मी पँट नुसती वरखाली करत राहिले, गहू धुतल्यासारखी. मळ दिसेल तिथं तळव्यानं दाबायची आणि सोडायची.

आत्याबाईंना राहवेना. "आपटत न्हाईस?"

"न्हाई आत्याबाई. मळ सुटतोय, बघा की."

त्यांनी वाकून घंगाळात बघितलं. तळाला बारीक माती आणि काजळी बसली होती. त्यांनी हात घालून ती बोटांवर घेतली. साध्या पाण्यातून काढायची वेळ आली तेव्हा त्यांनीच विहिरीवरून कळशी आणून माझ्यापाशी ठेवली. एकच कळशी. त्या घरात धुण्याला एक कळशी पाणी आणलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पिळायची नव्हती. म्हणून मी आणि आक्कांनी दोन्ही टोकं धरून पँट झटकली आणि आंब्याच्या सावलीत कमरेकडून टांगली. आधी बाजूला काढलेलं निळं पाणी मी सवयीनं कढीपत्त्याच्या बुंध्याकडं न्यायला लागले, तर मामंजी म्हणाले की त्यात मीठ आहे, झाड मरेल. तेही खरं. ते मी उकिरड्याकडं ओतलं आणि रिठ्याचं तेवढं झाडाला घातलं. संध्याकाळी पँट वाळली. लांबी होती तेवढीच. रंग गडदच, फक्त काळेपणा जाऊन आतला निळा वर आला होता. गुडघ्यांवर, खिशावर, मांडीवरच्या घड्यांवर फिकट रेषा उठल्या होत्या. त्या आपटून आलेल्या नव्हत्या, मालकांच्या वावरण्यातून आलेल्या होत्या. मामंजी स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. वर्दीची घडी ज्यांनी आयुष्यभर सांभाळली ते मामंजी आंब्याखाली उभं राहून पँट पुढून मागून बघत होते. म्हणाले, "फौजेत असतीस तर लय पुढं गेली असतीस."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी त्यांच्या पेटीतून इरकल काढलं. गडद निळ्या अंगाचं, लाल पदराचं, त्यांच्या लग्नातलं. वर्षानुवर्षं ते त्यांनी धुतलंच नव्हतं, कारण आपल्या धुण्यात ते टिकणार नाही हे त्यांना कळत होतं, आणि दुसरं धुणं त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्या मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "तुझ्या आईच्या रीतीनं काढ."

दुष्काळी सून हे नाव त्यानंतरही राहिलं. पण आता गल्लीतली एखादी बाई रंगाचं लुगडं घेऊन यायची, तेव्हा आत्याबाई आतून हाक मारून सांगायच्या की आमच्या दुष्काळी सुनेकडं द्या. त्यांच्या आवाजात मालकी असायची. आक्का तर माझ्याकडून सगळं शिकल्या आणि माझ्याहून धीरानं करू लागल्या. थोरल्या दिरांची आखूड झालेली पँट त्यांनी खाली कापड जोडून लांब केली. दीर ती शेतात घालत. पांढऱ्या पट्ट्यांबद्दल घरात नंतर कुणी बोललं नाही.

पुढच्या रजेला मालकांनी आल्या आल्या ट्रंकेतली पँट मागितली. घालून बघितली, खिशात हात घातला, मांडी घालून बसून दाखवलं. मग म्हणाले की या वेळी आधी तुझ्या माहेरी जाऊ. एस.टी. बदलत बदलत आम्ही वडूजला उतरलो आणि तिथून पुढं चालत गेलो. जावई जीनची पँट घालून आलेला गावात आधी कुणी बघितला नव्हता. पारावरची माणसं उठून उभी राहिली.

आईनं पायांवर तांब्याभर पाणी दिलं. मालकांनी त्यातलं निम्मंच वापरलं आणि तांब्या परत ठेवला. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. मला वाटलं नव्हतं की ते असं समोरासमोर बोलतील. "मामी, ह्या पँटीला वर्ष झालं. तुमच्या लेकीनं राखलीया. आमच्याकडं पाणी लय, पर हे कुणालाच येत नव्हतं. आता सगळं घर तुमच्या रीतीनं धुतंय."

आई पदर सारखा करत बसून राहिली. तिला सासरच्या माणसांकडून असं काही ऐकायची सवय नव्हती. लग्नात ती सगळा वेळ मागच्या रांगेत उभी होती, आमच्याकडून देण्याघेण्याला काही नाही या संकोचानं. आता जावई तिच्यासमोर बसून सांगत होता की तिच्याकडून त्यांना काही मिळालंय. ती उठली, मालकांच्या पायापाशी आली, खाली बसून पँटीची दुमड उलटी केली आणि आतली शिवण बोटानं चाचपून बघितली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "शिवणीत माती ऱ्हायलीया."

मालक मोठ्यानं हसले. मीही हसले. आईनं कोनाड्यातून नारळाची शेंडी काढली आणि जावयाच्या पायातच ती शिवण झाडून दिली, दोन्ही पायांची, सावकाश.

संध्याकाळी शेजारच्या बायका जावई बघायला आल्या. त्यांना पँटीचंच कौतुक जास्त. एकीनं विचारलं, वर्षभर घालून रंग असा कसा राहिला. मी आतून चहाचे कप घेऊन येत होते आणि उंबऱ्यात थांबले, कारण मला आई काय सांगते ते ऐकायचं होतं. आईनं घसा साफ केला. एवढ्या बायकांत ती कधी मोठ्यानं बोलायची नाही, त्या दिवशी बोलली.

"आमच्यात असंच धुत्यात," ती म्हणाली. मग तिनं त्यांना बसायला सांगितलं आणि मिठाच्या पाण्यापासून सगळं नीट समजावून द्यायला लागली.